कामाची याद: मराठी मुलखातील कागदी नोंदींचा इतिहास

करायच्या कामांची कागदावर यादी करण्याची चाल मराठी मुलखात घरातून नव्हे, दफ्तरातून सुरू झाली. राज्याची, फौजेची आणि सावकारीची कामे तोंडी सांगून भागेनाशी झाली, तेव्हा कारकून ती कलमवार उतरवून घेऊ लागले आणि त्या कागदाच्या डोक्यावर ‘याद’ असे लिहू लागले. खाजगी माणसाने केवळ स्वतःच्या आठवणीसाठी कामांची वही बाळगणे ही त्यामानाने अलीकडची गोष्ट आहे. मधल्या काळात यादी ही बहुतेक वेळा दोन पक्षांमधला कागद होती: एकाने लिहायची, दुसऱ्याने वाचून निकाल द्यायचा किंवा माल द्यायचा, आणि काम झाले की कोणीतरी त्यावर खूण करायची. या दुहेरी स्वभावामुळेच तिच्या काही जाती आजही कागदावर टिकून आहेत आणि काही फोनमध्ये गेल्या आहेत.

या लेखनाचा कागद स्थानिक होता. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या मधले कागजीपुरा हे गाव हातकागदासाठी नावाजलेले. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीस हलवली, त्या सुमारास आलेल्या कारागिरांशी तेथील धंद्याचा संबंध जोडला जातो. जुन्नरलाही कागदी लोकांची मोठी वस्ती होती आणि पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद भरपूर वापरला गेला. पुण्यातील कसबा पेठेतला कागदीपुरा याच धंद्याची खूण. तागाच्या जुन्या गोण्या, दोर आणि चिंध्या भिजवून कुटायच्या, त्यांचा लगदा हौदात कालवून चौकटीवर ताव उचलायचा, वाळलेल्या तावाला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने तो घोटायचा. घोटाई नीट झाली नाही तर शाई फुटते. शाई काजळ आणि डिंकाची, लेखणी बोरूची, आणि ओले अक्षर सुकवायला वर भुरभुरलेली बारीक वाळू. एवढ्या मेहनतीने झालेला कागद कोणी वाया घालवत नसे. पत्राचा कोरा राहिलेला भाग कापून त्यावर टिपण करणे ही दफ्तरातली रोजची काटकसर होती.

कागद टिकला पाहिजे ही जाणीव लिहिणाऱ्यांना चांगलीच होती. रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठीच दिला आहे. अक्षर सारखे असावे, ओळी सरळ असाव्यात, एवढ्यावर ते थांबत नाहीत. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, असा व्यवहारी सल्ला ते देतात. तो सल्ला बाळबोध अक्षरात पोथी लिहिणाऱ्यांसाठी होता. रोजचे काम मोडीत चाले. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेई आणि मग लेखणी शक्य तितकी कमी उचलत अक्षरे त्या रेघेला लटकवत जाई. सुंदर लिहिण्याचा हट्ट सोडला तर झपाट्याने टिपून घ्यायला मोडीइतकी सोयीची लिपी मराठीला पुन्हा मिळाली नाही.

शिवाजी महाराजांच्या राज्यकारभारात लिहून ठेवण्याच्या कामाची रीतसर वाटणी झालेली दिसते. चिटणिसाकडे पत्रव्यवहार, फडणिसाकडे हिशेब, पोतनिसाकडे रोकड, आणि वाकनिसाकडे राजाच्या खाजगीकडील रोजच्या हकिकतीची नोंद. अष्टप्रधानांतील मंत्री हाच वाकनीस. दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे हे पद होते. राजाकडे कोण आले, कोणाला बोलावणे गेले, पंगतीला कोण होते, याची टाचणे त्याच्याकडे असत. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून करवून घेतलेल्या राजव्यवहारकोशात लेखनाच्या साधनांना आणि कागदपत्रांच्या प्रकारांना स्वतंत्र जागा आहे, यावरूनही या कामाचे वजन समजते.

पेशवाईत ही पद्धत पुरती पिकली. पुण्याच्या हुजूर दफ्तरात भरभराटीच्या काळी सुमारे दोनशे कारकून काम करीत. त्यांच्या हातून निघणाऱ्या कागदांत दोन घराणी ओळखता येतात. एक घराणे झालेल्या गोष्टींचे: रोजकीर्दीत दिवसाचा जमाखर्च, घडणीत तोच बाबवार लावलेला, तालेबंदात वर्षाचा गोषवारा, आणि तर्जुम्यात वेगवेगळ्या वर्षांची तुलना. दुसरे घराणे व्हायच्या गोष्टींचे, आणि त्यातला मुख्य कागद म्हणजे याद.

यादीची मांडणी साधी पण विचारपूर्वक केलेली असे. वर ‘याद’, विषय, शुहूर सनाचे अरबी शब्दांतले वर्ष. त्याखाली एकेक मागणी किंवा एकेक काम वेगळे कलम म्हणून, प्रत्येकाच्या बाजूला एकचा आकडा, आणि शेवटी कलमांची बेरीज. बेरजेचा उपयोग स्पष्ट आहे. मागाहून कोणी एखादे कलम घुसडले तर आकडा जुळत नाही. एखाद्या सरदाराकडून याद आली की तिच्यात स्वारांचा तुंबलेला पगार, नवी नेमणूक, एखाद्या विधवेचे वेतन, किल्ल्यावरचे धान्य असे नाना विषय एकाखाली एक बसत. ती हुजूर वाचली जाई आणि कलमाकलमाला उत्तर पडे: हे मान्य, हे पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे, याची चौकशी करून मग. धन्याच्या संमतीचे हे शब्द कागदावर घातले की त्याला मखलाशी म्हणत. मखलाशी पडली की विनंतीचा कागद हुकुमाचा होई. म्हणजे एकाच तावावर प्रश्न आणि उत्तर, मागणी आणि निकाल, दोन्ही राहत. पुढे दहा वर्षांनी तंटा उभा राहिला तरी कोणी काय मागितले आणि काय कबूल झाले हे शोधायला दोन ठिकाणी जावे लागत नसे.

अठराव्या शतकातल्या मराठी मुत्सद्द्यांची कार्यक्षमता सांगताना त्यांच्या बुद्धीची आणि हेरगिरीची तारीफ होते. या कलमबंदीला तिचे श्रेय क्वचितच मिळते. नाना फडणिसांच्या कारकिर्दीत दफ्तराला जी शिस्त होती तिचा निम्मा भाग तरी अशा कागदांचा होता. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७९५ नंतर, पुण्यात जी धामधूम माजली तिच्यात दफ्तराकडेही दुर्लक्ष झाले, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या नोंदी आधीच्यांइतक्या व्यवस्थित राहिल्या नाहीत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली, दफ्तर मात्र वाचले. ते वाचण्याचे कारण इतिहासप्रेम नव्हे. इनामे कोणाची खरी, कोणाची बनावट, हे ठरवायला इंग्रज सरकारला जुने कागद हवे होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून तपासणे हेच कमिशनचे मोठे काम होऊन बसले. पुण्यात १८९१ मध्ये दफ्तरासाठी दगडी इमारत उभी राहिली आणि हजारो रुमाल तिथे लागले. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडलेले उतारे सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिशीच्या खंडांमधून पुढे आले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांच्या आधारे लिहिलेल्या प्रस्तावनेत लढाया बाजूला ठेवून जकात, न्याय, वेठ, नाणी यांचा विचार केला. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग छापले गेले. कारकुनांनी त्या त्या दिवशी काम उरकावे म्हणून लिहिलेल्या याद्या अशा रीतीने इतिहासाची साधने ठरल्या.

व्यापाऱ्यांची परंपरा याला समांतर चालली होती. सराफ, आडते आणि वाणी यांच्या चोपड्या लाल कापडाच्या बांधणीच्या, लांबट, दोरीने गुंडाळायच्या. रेघा आखण्याऐवजी पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभराचा व्यवहार आधी कच्च्या टिपणात, तिथून रोजकीर्दीत किंवा रोजमेळात, तिथून खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर. इटलीतील लुका पाचोली याने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्याला तीनच वह्या सांगितल्या आहेत: स्मरणवही, रोजकीर्द आणि खतावणी. त्याच्या स्मरणवहीत घरातले कोणीही, हाताला येईल तसे, घडेल ते लिहायचे. आमच्याकडच्या कच्च्या वहीचा नेमका हाच बाणा आहे. ही दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेली सोय असावी, कारण गर्दीच्या वेळी पक्के लिहिता येत नाही ही अडचण कुठल्याही पेठेत तीच.

कच्ची वही दुकानाच्या गल्ल्यावर असे आणि तिच्यातच उधारीची टिपणे, कोणाकडे माल पोचवायचा, कोणाकडून वसुली आणायची, कोणता जिन्नस संपत आला, हे सगळे एकमेकांत मिसळलेले असे. झालेल्या नोंदीवर आडवी रेघ पडे. न झालेली नोंद पानाच्या तळाशी आली की पुढच्या पानावर ओढली जाई. हिशेबात बाकी ओढणे जसे सक्तीचे, तसेच कामातही. लक्ष्मीपूजनाला नवी वही पाटावर येते, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि स्वस्तिक काढून पान, सुपारी, रुपया ठेवतात. बत्ताशा-लाह्यांचा नैवेद्य होतो. पाडव्याला तिच्यात पहिली नोंद होते. संगणकावर हिशेब करणाऱ्या पेढ्याही पूजेसाठी एक वही विकत घेतात, हे कोणत्याही शहरातल्या स्टेशनरीच्या दुकानात दिवाळीच्या आठवड्यात पाहायला मिळते.

वहीची दुसरी बाजू कडू आहे. उचापतीच्या, म्हणजे उधारीच्या, वहीत किंवा सावकाराच्या खतात काय लिहिले आहे हे ज्याच्या नावावर लिहिले त्यालाच वाचता येत नसे. शेतकरी अंगठा करी, आणि कर्जाची याद सावकाराकडे राहत असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी जमावाने सावकारांची घरे-दुकाने गाठली. दंगल पुण्या-नगरच्या गावांत पसरली आणि ठिकठिकाणी लोकांचा पहिला हल्ला तिजोरीवर नव्हे, कर्जरोख्यांवर झाला. रोखे हिसकावून जाळले की पुष्कळदा माणसाला इजा न करता जमाव पांगे. कागद नाहीसा झाला की देणे नाहीसे झाले, असा तो हिशेब होता. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने नियमित ठेवलेल्या हिशेबवहीला न्यायालयात ग्राह्य धरले होते, पण केवळ वहीतल्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरवता येणार नाही अशी अटही घातली होती. दंगलीनंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकाराला पावती आणि हिशेबाचा उतारा द्यायला भाग पाडले. लिहिणाऱ्या आणि लिहिल्या जाणाऱ्या अशा दोघांच्याही हातात कागद असावा, हा त्यामागचा विचार. तो उशिरा सुचला आणि अर्धवटच अमलात आला.

दोघांच्या हातात कागद असण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ घरगुती नमुना लग्नाचा आहे. वधू-वरांची पसंती झाली की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी याद्या करायला बसतात. वर ‘श्री’, मग दोन्ही घरांची नावे, मुहूर्त, आणि खाली कलमे: मांडव कोणी घालायचा, जेवणाचा खर्च कोणाकडे, वऱ्हाड किती माणसांचे, मानपान कोणाकोणाचे, दागिने कोणी किती घालायचे. हुंडा कायद्याने गुन्हा असला तरी याद्यांच्या आडून तो कसा येत असे, हे मराठी समाजाला सांगण्याची गरज नाही. कागदाला हळदकुंकू लावतात, दोन प्रती होतात, दोन्हीकडच्या सह्या आणि चार पंचांच्या साक्षी पडतात. मांडणीत पेशवाईतल्या यादीची सगळी लक्षणे दिसतात: स्वतंत्र कलमे, समोरच्याची मान्यता, साक्ष. फरक इतकाच की मखलाशी घालणारा धनी इथे नाही, दोन्ही पक्ष बरोबरीचे समजायचे असतात. समजायचे असतात एवढेच, कारण बैठकीत मुलीकडचे कलम बहुधा शेवटी वाचले जाते. कधी याद्या करायला जमलेली मंडळी त्याच बैठकीत लग्नही उरकून घेतात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात ‘यादी पे शादी’ हे त्याचे रूढ नाव. दोन बैठकींचा आणि दोन जेवणावळींचा खर्च वाचतो.

लग्नातच दुसरी एक वही लागते, आहेराची. मांडवाच्या एका कोपऱ्यात घरातला विश्वासू माणूस टेबल मांडून बसतो आणि येणाऱ्याचे नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू लिहीत जातो. साडी, खण, स्टीलचा डबा, पाकीट: सारे ओळीने. ही वही लग्नानंतर कपाटात जाते आणि वर्षानुवर्षांनी बाहेर निघते. ज्याने आपल्याकडे जे घातले त्याच्या घरच्या कार्यात तेवढे तरी, शक्य तर थोडे अधिक, घालायचे असते. पाहायला गेले तर ती घडलेल्या गोष्टींची नोंद आहे, पण तिचा खरा उपयोग पुढच्या कामांची यादी म्हणूनच होतो. वीस वर्षे लांबीची कामे दुसऱ्या कुठल्या यादीत सापडणे कठीण.

खाजगी माणसाच्या हाती तारखेची वही आली ती इंग्रजी राज्याबरोबर. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजपाशी जॉन लेट्स याचे कागद-लेखणीचे दुकान होते. त्याने १८१२ मध्ये वर्षातल्या प्रत्येक दिवसाला जागा आखलेली डायरी विकायला काढली. व्यापाऱ्यांना जहाजांच्या येण्याजाण्याचा आणि पैशाच्या मुदतींचा हिशेब ठेवायला ती सोयीची होती. या वस्तूने लिहिण्याची दिशा उलटी केली. दफ्तरातला कारकून काम झाल्यावर तारीख घालत असे. छापील डायरीत तारीख आधीच बसलेली असते आणि कामाची वाट पाहते. मुंबई-पुण्यातले वकील, मामलेदार, शिक्षक यांच्या टेबलावर अशा डायऱ्या आल्या. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनी दीर्घकाळ डायरी लिहिली. त्यांच्या शिर्डीतील मुक्कामाच्या नोंदी आजही वाचल्या जातात. पण खापर्ड्यांसारखी हकिकत लिहिणारे थोडे. बहुतेकांच्या डायरीत तारीख, कोर्टातला खटला, येणे-देणे आणि भेटीची वेळ एवढेच असे.

विसाव्या शतकात डायरी ही भेट देण्याची वस्तू झाली. विमा कंपन्या, बँका, औषध कंपन्या, साखर कारखाने डिसेंबरअखेर डायऱ्या वाटत. पहिल्या पानांत वजनमापांची कोष्टके, पिन कोड, एसटीडी कोड, सुट्ट्यांची यादी, कधी तिथी आणि सूर्योदय. निम्म्या डायऱ्या फेब्रुवारीनंतर कोऱ्याच राहत आणि पुढे मुलांच्या गणिताला, शिवणकामाच्या मापांना किंवा किराण्याच्या यादीला वापरल्या जात. सरकारी नोकरीत दैनंदिनी ठेवणे सक्तीचे होते. प्राथमिक शाळेतला गुरुजी पाठाचे टाचण काढी आणि तपासणीला आलेले साहेब त्यावर सही करीत. अशी टाचणे शिकवण्यासाठी किती आणि साहेबांसाठी किती, हा शिक्षकांमधला जुना विनोद.

साधनेही स्वस्त होत गेली. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या गिरगावात शाईच्या पुड्या आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली. बोरू गेला, टाक आला, मग फाउंटन पेन, मग बॉलपेन. गिरणीच्या कागदाने हातकागदाचे पोट मारले. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, पण तो कागद आता पत्रिकांचा आणि चित्रांचा झाला. मोडीही विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतून गेली. शंभर पानी, दोनशे पानी, एकरेघी, दुरेघी, चौकडीची: वही ही शाळेची वस्तू झाली आणि प्रत्येक घरात तिची मागची पाने मोठ्यांच्या कामांना मोकळी राहिली.

घरातल्या यादीचा इतिहास बायकांच्या साक्षरतेशी बांधलेला आहे. लिहिता न येणारी घरधनीण दुधाचा हिशेब दाराच्या चौकटीजवळ कोळशाच्या रेघा ओढून ठेवी. एक रेघ एक माप. शाळेत गेलेल्या मुलींच्या पिढ्या गृहिणी झाल्या तशा रेघांच्या जागी नोंदी आल्या, आणि त्यांना जागा मिळाली ती भिंतीवरच, पण कॅलेंडरवर. छापील पंचांग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आले होते, ते मात्र भटजींच्या आणि कर्त्या पुरुषाच्या हातातले पुस्तक होते. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढले. तिथी, सण, एकादशी, चतुर्थीचा चंद्रोदय यांच्यासकट पंचांग खिळ्याला टांगले गेले. त्यातले चौकोन लवकरच घरच्या कारभाराने भरले.

महिनाअखेरीला अशा पानाकडे पाहिले तर घर कळते. दूध नेहमीपेक्षा कमी-जास्त घेतले त्या तारखेला ‘अर्धा’ किंवा ‘दीड’. गवळी आला नाही तिथे फुली. कामवाल्या बाईच्या दांडीला ‘खा’, म्हणजे खाडा. सिलिंडर लावला त्या दिवशी गोल. विजेचे बिल, भिशी, मुलाचे इंजेक्शन, ‘पिठाची गिरणी बंद’, आणि एखाद्या तारखेभोवती काहीच न लिहिता काढलेले वर्तुळ, ज्याचा अर्थ ज्याने काढले त्यालाच ठाऊक. पहिल्या तारखेला गवळी दारात उभा राहतो, फुल्या मोजल्या जातात, त्याच्या टिपणाशी ताडून पाहिल्या जातात आणि एखाद्या दिवसावरून घासाघीसही होते. भिंतीवरचा कागद दोघांनाही दिसत असल्याने तंटा फार लांबत नाही. पंचांगकर्त्यांनी चौकोन तिथी-नक्षत्रासाठी आखले होते. त्यांचा हा वापर वाचकांनी शोधून काढला.

किराण्याची यादी याच घराण्यातली. पगार झाल्यावर पाठकोऱ्या कागदावर ती लिहिली जाते. तूरडाळ, साखर, पोहे, साबुदाणा, रॉकेलच्या काळात रॉकेलही. लिहिणारी डबे वाजवून लिहिते, म्हणून तिचा क्रम स्वयंपाकघरातल्या फळीचा असतो. वाणी मात्र आपल्या दुकानाच्या क्रमाने माल काढतो आणि जिन्नस निघाला की त्यावर खूण करतो. मग त्याच कागदावर प्रत्येक ओळीसमोर भाव आणि रक्कम टाकून खाली बेरीज करतो. सामानाबरोबर यादी परत येते तेव्हा तिचे बिल झालेले असते. नसलेल्या मालापुढे ‘नाही’ असे लिहिलेले असते, आणि ती ओळ पुढच्या यादीत पहिली जाते. पूजेच्या साहित्याची यादी तेवढी वेगळी: ती गुरुजींकडून तयार येते, बहुधा छापील, आणि तिच्यात विड्याची पाने, सुपाऱ्या, नाणी यांचे आकडे ठरलेले असतात. घरच्यांना फक्त खुणा करायच्या असतात.

एकविसाव्या शतकात कामांची यादी यंत्रात गेली. टूडूइस्ट हे अ‍ॅप २००७ मध्ये आले. बर्लिनमध्ये २०१० मध्ये निघालेले वंडरलिस्ट लोकप्रिय झाले, २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. वापरणाऱ्यांना आपल्या याद्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये हलवाव्या लागल्या. दहा वर्षे ही दफ्तराच्या दृष्टीने काहीच नव्हेत. दरम्यान न्यूयॉर्कच्या रायडर कॅरल याने २०१३ मध्ये ‘बुलेट जर्नल’ ही साध्या वहीत कामे लिहिण्याची पद्धत जाहीर केली. कामापुढे ठिपका, झाले की फुली, राहिले की बाणाची खूण करून पुढच्या महिन्यात नव्याने लिहायचे. ज्याला हाताने पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येतो ते काम मुळात गरजेचे नसावे, असा त्यामागचा तर्क. जगभर त्याचे कौतुक झाले. मराठी व्यापाऱ्याला मात्र त्यात नवे फारसे दिसले नसते, कारण बाकी पुढच्या पानावर ओढणे त्याच्या वाडवडिलांपासून चालत आले होते.

अ‍ॅपने काय नेले आणि काय राहिले, याची वाटणी सरसकट नाही. एकट्याच्या आठवणीची कामे, म्हणजे बिलाची तारीख, औषधाची वेळ, गाडीचे सर्व्हिसिंग, ही फोनने सहज घेतली, कारण वही स्वतःहून वाजत नाही. दोघांमधल्या नोंदींपैकी उधारी आधी गेली. २०१८ च्या सुमारास आलेल्या खाताबुकसारख्या अ‍ॅपनी दुकानदाराची उधारीची वही फोनवर आणली आणि नोंद होताच ग्राहकाला संदेश जाऊ लागला. १८७९ च्या कायद्याने सावकाराकडून जे मागितले होते ते त्यामुळे आपोआप घडू लागले. लग्नाच्या याद्या अजून कागदावर होतात. सह्या, साक्षी आणि हळदकुंकू यांना पडद्यावर जागा नाही, शिवाय त्या बैठकीत फोन हातात असणे वडीलधाऱ्यांना खपत नाही. आहेराची वहीही कागदीच आहे, जरी टेबलावर आता पैसे पाठवण्याचा क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो.

किराण्याच्या यादीने मधली वाट काढली. ती पाठकोऱ्या कागदावरच लिहिली जाते, तिचा फोटो काढला जातो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वाण्याला जातो. दुकानात गर्दी असली की पोऱ्या ती फोनवरून चिठोऱ्यावर उतरवून घेतो, कारण माल काढायला मागे जायचे असते आणि फोन गल्ल्यावर लागतो.